आमची वाटचाल : पटवेकऱ्याचा ओटा ते इटलीचं पोवळं

आमचं दुकान मुळात दुकान नव्हतंच. रविवार पेठेत एका सराफाच्या ओट्यावर आजोबा बसायचे. आम्ही पटवेकरी, म्हणजे सोनाराने घडवायचं आणि आम्ही रेशमात, जरीत गाठवायचं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, त्याला मेण लावून मणी ओवायचे आणि मागे गोंडा बांधायचा, एवढ्यावर आजोबांनी घर चालवलं. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही, आणि आजूबाजूच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. सोनंच घडत नाही तर गाठवणार काय? तेव्हा आजोबा पोवळ्याकडे वळले, कारण पोवळ्यावर कुठला कायदा नव्हता. आम्ही आज जे काही आहोत ते त्या वाईट वर्षांमुळे.

त्यांच्या पितळी चाळण्या अजून माझ्याकडे आहेत. एकात एक बसणाऱ्या, तळाला गोल भोकं, प्रत्येकीचा नंबर वेगळा. मणी ओतून हलक्या हाताने फिरवायच्या, झटका द्यायचा नाही, मग मणी आपोआप आपल्या मापाला थांबतो. आता डिजिटल कॅलिपर आलेत, माझ्याकडेही आहे, पण हजार मणी एकेक करून मोजणार कोण, आणि चाळणीतून आलेल्या माळेची उतरण जशी दिसते तशी मोजून लावलेल्या माळेची दिसत नाही हे माझं स्पष्ट मत आहे.

बाजारात जो तो 'इटालियन पोवळं' म्हणायचा, पण ते कुठून येतं हे विचारलं की सगळे मुंबईचं नाव सांगायचे. मला ते खटकायचं. शेवटी पैसे साठवून मी गेलो. नेपल्सहून लोकल गाडीने तोर्रे देल ग्रेको, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी समुद्रकाठचं गाव. १७९४ च्या उद्रेकात लाव्हाने गावाचा मोठा भाग गाडला आणि लोकांनी त्याच जागेवर पुन्हा घरं बांधली. इथले खलाशी सार्डिनियापर्यंत, आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोवळं काढायला जायचे, पण ते घडवायचं काम दुसरीकडे चालायचं. १८०५ मध्ये मार्सेयच्या मार्टिन नावाच्या माणसाने राजाची परवानगी घेऊन इथे पहिला कारखाना काढला आणि मग गावच्या घराघरात हे काम शिरलं. १८७८ मध्ये तर पोवळं कोरायची शाळाच निघाली.

मी ज्या कुटुंबाकडे गेलो ते पिढ्यान् पिढ्या हेच करणारं. खिडकीशी एक म्हातारी बाई मणी निवडत बसलेली आणि तिच्या पुढ्यात चाळण्यांचा संच, आजोबांच्यासारखाच! मी खिशातून फोटो काढून दाखवला, तिने फोटो बघितला, मग माझा हात धरून बोटांवरचे दोऱ्याचे वण बघितले, आणि नातवाला काहीतरी म्हणाली. नातू म्हणाला, आजी म्हणते याला उधार दे. धंद्यातली माझी खरी पहिली भागीदार म्हणजे ती सिन्योरा, कागदावर भागीदारी कधीच नव्हती.

तिनेच शाक्काची गोष्ट सांगितली. १८७५ ते १८८० च्या दरम्यान सिसिलीच्या शाक्का गावासमोर समुद्रात मेलेल्या पोवळ्याचे प्रचंड साठे सापडले, केशरट रंगाचे, शेकडो होड्या तिकडे धावल्या, आणि एवढा माल आला की भाव कोसळले आणि धंदा करणारेच बसले. माल जास्त झाला म्हणूनही माणूस बुडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपल्याकडचा धागाही जुना आहे, सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे ज्यू व्यापारी पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे आणि बदल्यात हिरे न्यायचे.

त्यांची डिझाइनं बघून मी थक्क झालो. कोरलेले गुलाब, दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात घालायचं शिंग (आपण बाळाच्या मनगटात पोवळं बांधतो तसंच), आणि बारीक मण्यांचे कितीतरी सर एकत्र पिळून केलेला तोरशॉन. तो पीळ मी पुण्यात आणला. फक्त पुढची कडी काढून टाकली आणि मागे आपला रेशमी गोफ, जरीचा गोंडा. आमचा 'पीळदार सर' तो हाच. मोठ्या रस्त्यावरच्या एका शोरूमने वर्षाच्या आत त्याची काचेच्या मण्यात नक्कल केली आणि आपलंच डिझाइन म्हणून जाहिरात दिली. यावर मी अजून गप्प बसू शकत नाही.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग चीन आणि तैवानचे व्यापारी इटलीत उतरले आणि लाल पोवळ्याचे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेले. लग्नसराई तोंडावर, ऑर्डरी घेतलेल्या, सिन्योरा तोवर गेलेली, नातवाकडे माझ्या मापाचा माल नाही. तेव्हा मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक लॉट घेतला. बिलावर 'इटालियन, नैसर्गिक रंग' असं लिहिलेलं. रंग एकसारखा होता, जरा जास्तच एकसारखा, माझ्या हाताला ते कळलं होतं आणि तरी मी गाठवायला बसलो. ही माझी चूक.

मे महिन्यात एक बाई आल्या, ब्लाउजच्या पांढऱ्या गळ्यावर लाल डाग. मी कापसावर ॲसिटोन घेऊन मणी पुसला तर कापूस गुलाबी झाला. लॅबमध्ये पाठवला, रिपोर्ट आला, बांबू कोरल, म्हणजे वेगळ्याच जातीचं पोवळं, रंगवलेलं. ४२ माळा गेल्या होत्या. मी वही काढली आणि एकेकीला स्वतः फोन केला. पैसे परत दिले, बायकोच्या पाटल्या मोडल्या, गाळा गहाण पडला. व्यापारी म्हणाला, मी तर पुढून आलेला माल दिला. आणि त्या शोरूमचा सेल्समन गिऱ्हाइकांना सांगायचा की तिकडे खोटी पोवळी मिळतात. दिवाळीत आमच्या काउंटरवर चार माणसं आली नाहीत.

आल्या त्या सदाशिव पेठेतल्या काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची माळ आजोबांनी गाठवलेली, दर दोन वर्षांनी रेशीम बदलायला आमच्याकडेच. त्या दिवशी म्हणाल्या, "अरे, तू फोन करून पैसे परत केलेस हे मी भिशीत सांगितलंय," आणि पुढच्या आठवड्यात ११ जणींना घेऊन आल्या. प्रत्येकीने निदान गाठवायचं काम तरी दिलं. त्या कामावर आम्ही तो हिवाळा काढला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पोवळं दुधात टाकून बघू नका, त्याने काही कळत नाही. लिंबू तर मुळीच नको, पोवळं म्हणजे चुनाच, खरं असलं तरी फसफसतं आणि पॉलिश कायमचं जातं. भिंगातून बघा, खऱ्या भूमध्य पोवळ्यावरच्या रेघा अगदी बारीक, जवळजवळ असतात, बांबूच्या रुंद. अत्तर, परफ्यूम आधी, माळ नंतर. नायलॉनमध्ये गाठवू नका, भोकाच्या कडा खातो. आणि बिलावर 'कोरॅलियम रुब्रम (भूमध्य लाल पोवळ्याचं शास्त्रीय नाव), रंगवलेलं नाही' असं लिहून घ्या, दुकानदार कितीही ओळखीचा असो, मी असलो तरी.

काकू आता नाहीत. मागच्या महिन्यात त्यांची सून माळ घेऊन आली, रेशीम कुजलं होतं. माझ्या मुलीने ती उसवली, मणी आजोबांच्या चाळण्यांतून फिरवले आणि जुन्याच मरून रंगात गाठवली. गाळा सुटलाय. व्यापाऱ्याकडून एक रुपया आलेला नाही, त्याचं बिल आणि लॅबचा रिपोर्ट मी एकत्र टाचून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय.