तो 91चा कागद

फेब्रुवारीतल्या एका सकाळी 98, मेच्या दुपारी 91. दोन्ही आकडे चाकांवरचे, हॉर्सपॉवरचे, माझ्याच डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, घेतलेले. गाडी 1.5 लिटरची बिनटर्बो पेट्रोल सेडान, कंपनी इंजिनाचे 119 पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) सांगते. मधल्या काळात गाडीवाल्या पोराने 45 हजारांचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाईप, बसवून घेतला. हेडरपासून (इंजिनाला जोडलेल्या तुकड्यापासून) मागच्या टोकापर्यंत सगळा स्टेनलेस स्टीलचा, धूर स्वच्छ करणारा कॅट मात्र जागेवर. तो काढला असता तर मी गाडी रोलरवर घेतलीच नसती.

सात घोडे गेले. पोराने कागदाचा फोटो काढला आणि गाडी बांधलेले पट्टे सोडून होईपर्यंत तो ग्रुपवर पोचलासुद्धा. एक्झॉस्ट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि मी? मान डोलावली. तीन पुल (पेडल पूर्ण दाबून घेतलेली मोजणी) एकसारखे आले होते, मशीन खोटं कशाला बोलेल.

रात्री शेडचं शटर ओढण्याआधी तो कागद पुन्हा बघितला. खाली कोपऱ्यात हवेचं तापमान छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. 26 अंश. भोसरीत, मेमध्ये, दुपारी तीनला!

हवामान मोजणारी डबी मीच एप्रिलमध्ये एसी केबिनमध्ये नेऊन ठेवली होती. ग्राइंडरची धूळ बसते म्हणून. शेडमध्ये पारा 40 होता. डायनो मोजलेली ताकद तशीच छापत नाही, हवेचा दाब आणि तापमान बघून ती 25 अंशांच्या हिशेबाला आणतो. गरम हवा विरळ, इंजिनाला ऑक्सिजन कमी, म्हणून उन्हाळ्यात आकडा थोडा वाढवून द्यावा लागतो. माझ्या डबीला वाटत होतं बाहेर गारवा आहे. गणित करून बघितलं तर अडीच हॉर्सपॉवर त्या केबिनमध्ये बसले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी परत बोलावली. टायरमध्ये हवा 26 पीएसआय. फेब्रुवारीच्या नोंदीत 33. मऊ टायर रोलरवर जास्त दबतो आणि ताकद खातो. तेही बघायचं काम माझंच. डबी शेडमध्ये आणली, हवा भरली, पुन्हा पुल घेतले: साडेचौऱ्याण्णव.

उरलेले साडेतीन मात्र खरेच गेले होते. स्कॅनर लावला तर फ्युएल ट्रिम अधिक चौदा टक्के, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नेहमीपेक्षा चौदा टक्के जास्त पेट्रोल ओततोय. गार इंजिन चालू करून टेलपाईपवर फडकं दाबलं आणि हेडरच्या फ्लँजवर साबणाचं पाणी मारलं. दुसऱ्या सिलिंडरपाशी फुगे आले. काजळीची बारीक रेघ होतीच, आदल्या दिवशी मला दिसली नव्हती एवढंच.

लोकांना वाटतं लीकेजमधून धूर फक्त बाहेर जातो. एक्झॉस्टमधला वायू धक्क्याधक्क्याने जातो आणि प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब कमी होतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या ओटू (ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवत राहतो. फुल थ्रॉटलला या गाडीचा ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, पण आधी शिकलेली चूक तशीच लावतो. पुलमध्ये मिश्रण 11.6 पर्यंत (एक भाग पेट्रोलला 11.6 भाग हवा) घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, झालं होतं. या इंजिनाला 12.8च्या आसपास बरं वाटतं.

फॅब्रिकेशनवाला मिस्त्री स्वतः आला. जुनंच पॅकिंग परत लावलं होतं, हे त्याने न विचारता कबूल केलं. नवं टाकलं, फ्लँज घासून सपाट केला, ट्रिम रिसेट केले. पुल: 99.

म्हणजे 45 हजारांत एक हॉर्सपॉवर. तेवढा फरक तर एकाच गाडीच्या दोन पुलमध्येही पडतो. शिवाय तीन हजार आरपीएमला टॉर्क (इंजिनाची ओढ) फेब्रुवारीपेक्षा पाच न्यूटनमीटरने कमी, आणि शहरात गाडी चालते ती तिथेच. पाईप अडीच इंचांचा आहे. एवढ्या इंजिनाला दोन इंच पुरे, असं मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं. पाईप रुंद झाला की वायूचा वेग पडतो, खालची ओढ जाते. पण अडीच इंचांचा आवाज भारी येतो ना! पोराने ग्राफचा तो भाग बघितलाच नाही, 99 बघून हसला.

डबीचं मी पोराला सांगितलं, मिस्त्रीलाही सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "दादा, माझं पॅकिंग, तुमची डबी. पण शिव्या मी एकट्यानेच खाल्ल्या." मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसाचे पैसे दोघांकडूनही घेतले नाहीत.

99चा कागदही पोराने ग्रुपवर टाकला म्हणे. गेल्या आठवड्यात एक नवं गिऱ्हाईक आलं, मोबाईल पुढे करत म्हणालं, "काका, एक्झॉस्ट बदलला की सात घोडे जातात, खरं का?" फोटो 91चाच होता. खालचा कोपरा कापलेला.