तुम्ही विचारलंत म्हणून: ‘टक्के किती देता?’

सोलापुरात माझं पुस्तकांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं पुस्तक हातात घेतलं की आतलं पान उघडायच्या आधी हा प्रश्न येतो, म्हणजे सवलत किती. काही जण सरळ म्हणतात, “काय तर कमी करा की अक्का.” काही मोबाईल पुढं करून ऑनलाईनचा भाव दाखवतात. आणि तिसरे आधी म्हणतात, “केवढं काम करताय तुम्ही, साहित्याची सेवा आहे ही,” आणि मग टक्के विचारतात. पहिल्या दोघांचं मला काही वाटत नाही. या तिसऱ्यांचा राग येतो. एकदा सेवा म्हटलं की पैसे मागायला तोंड राहत नाही. आमच्या गावात चादरीवाल्याला कुणी वस्त्रसेवा करताय म्हणत नाही. घासाघीस करतात, पण तो धंदा करतोय हे मान्य करून करतात. मला तेवढंच हवंय.

तर हिशेब सांगते. 300 रुपयांचं पुस्तक प्रकाशकाकडून मला साधारण 30 टक्क्यांनी मिळतं, म्हणजे 210 ला. वितरकाकडून घेतलं तर 25, कधी 20. पुण्याहून, अप्पा बळवंत चौकातून गठ्ठा इथं येईपर्यंतची हमाली आणि गाडीभाडं माझं. उरले 90. तुम्ही 20 टक्के मागता तेव्हा त्यातले 60 मागता. राहिलेल्या 30 मध्ये जागेचं भाडं, लाईटबिल, दुकानातल्या मुलाचा पगार आणि शोकेसमध्ये उन्हानं कव्हरचा रंग उडालेली पुस्तकं, जी कुणीच घेत नाही. तुमच्या मोबाईलवर तेच पुस्तक कधी कधी 205 ला दिसतं. माझ्या खरेदीपेक्षा कमी! मोठ्या विक्रेत्याला टक्के जास्त मिळतात हे एक, आणि दुसरं म्हणजे पुस्तकावर चार पैसे सोडून त्याला तुम्हाला उद्या मिक्सर विकायचा असतो. माझ्याकडं मिक्सर नाही.

“पुस्तकाला जीएसटी नाही, मग तुम्हाला काय हो!” हेही ऐकून झालंय. विक्रीवर कर नाही, म्हणूनच खरेदीवर भरलेला कर मला परत मिळत नाही. रॅक घेतले, कॉम्प्युटर घेतला, त्यावरचे 18 टक्के माझ्या खिशातून गेले ते गेलेच. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याच्या वाचकांना मी रजिस्टर्ड बुकपोस्टनं पुस्तकं पाठवत होते. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्यानं छापील पुस्तकांची ती स्वस्त सोयच बंद केली. मग कुरिअरचा खर्च बघून लोक म्हणायला लागले, राहू दे, सोलापूरला आलो की नेतो. काही येतात. बरेच येत नाहीत.

फ्रान्समध्ये 1981 पासून कायदाच आहे, नव्या पुस्तकावर 5 टक्क्यांच्या वर सवलत देता येत नाही, ऑनलाईनवाल्यालाही नाही. मोठ्या दुकानानं भाव पाडून छोटं दुकान मारू नये म्हणून केलेला. हे मी एका वकीलसाहेबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “मग फ्रान्सला टाकायचं की दुकान.” आणि दहा टक्के घेऊन गेले.

“सोलापुरात वाचतं कोण” असं मात्र म्हणू नका. माझ्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, दुकानात येणारी पोरं आपसात हिंदी-उर्दू बोलतात आणि विकत घेतात मराठी पुस्तक. 1941 ला इथं साहित्य संमेलन झालं, 2006 ला परत झालं. त्या वेळी अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते, याच गावचे. 2025 च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा आठवडाभर लोक त्यांचीच पुस्तकं मागायला येत होते. एक आजोबा दोन्ही नातवंडांना घेऊन आले. त्या आठवड्यात टक्के विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणजे वाचायचं असलं की पूर्ण किंमत देता येते, एवढं मी तेव्हा पाहिलंय.

दुकान टाकलं तेव्हा मीच बोर्ड रंगवून घेतला होता: ‘प्रत्येक पुस्तकावर 20 टक्के सवलत. कायम.’ जुनी गिऱ्हाइकं अजून त्या बोर्डाची आठवण काढतात. “तेव्हा परवडत होतं, आता का नाही?” तेव्हाही परवडत नव्हतं. पण त्याआधी मी स्वतः हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन पिशव्या भरून पुस्तकं आणणारी बाई. सवलत नसेल तर दुकानाची पायरी न चढणारी. माझ्यासारखीला जे हवं ते द्यायचं, गर्दी होईल, गर्दीत भागेल, असं गणित होतं. गर्दी झालीही. इथल्या नवी पेठेतलं भाडं झेपण्यासारखं नव्हतं म्हणून जरा आडबाजूला होते, तरी लोक शोधत आले. आज ती बाई समोर आली तर मला तिच्याशी भांडायचंय, पण तिला खोटं पाडता येत नाही.

बोर्ड का उतरवला, ते सांगते. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मार्च महिना. जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाची ऑर्डर आली. कॉलेजचं नाव घेत नाही. अनुदान 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवं, म्हणून घाई. तीन दरपत्रकं मागवली होती, त्यात माझं मंजूर झालं. ऐंशी हजारांच्या वरचा माल. एवढी मोठी ऑर्डर मी तोवर बघितली नव्हती. प्रकाशकांना फोन करून उधारीवर पुस्तकं मागवली, टेम्पो करून पोचवली. ग्रंथपाल भला माणूस. तपासणी तोंडावर म्हणून त्यानं लगेच दाखल नोंदवही काढली, प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर गोल जांभळा शिक्का मारला, खाली नंबर घातला. चार दिवस बसून.

बिल घेऊन गेले तेव्हा मला वरच्या मजल्यावर बोलावलं. साहेबांनी चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. मग तोच प्रश्न. “मॅडम, टक्के किती देता?” म्हटलं, दरपत्रकात आहेत तेच, 20, बिलात कमी करून. म्हणाले, “बिलात दहाच दाखवा. बाकीचं आपण बघून घेऊ.” मला कळायला वेळ लागला नाही, पण न कळल्यासारखं करायला मात्र बराच वेळ घेतला. चहा संपेपर्यंत. मग म्हटलं, सर, मी जे देते ते बिलातच देते. ते हसले. “बघू,” म्हणाले.

एप्रिलमध्ये ग्रंथपालाचा फोन. खरेदीत त्रुटी निघाली, पुस्तकं घेऊन जा. मी परत टेम्पो केला. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पत्रा हात लावू देत नव्हता. गठ्ठे बांधून व्हरांड्यात ठेवले होते. सुतळी पुठ्ठ्यात रुतू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्याला वर्तमानपत्राच्या घड्या घातलेल्या. हे काम शिपायाचं नव्हे, ग्रंथपालानंच केलेलं. एक गठ्ठा सोडून पाहिला. शिक्का तसाच, आणि नंबरावर लाल पेनानं तिरपी रेघ, बाजूला ‘रद्द’. प्रत्येक पुस्तकावर. मी सही करून माल ताब्यात घेतला. तो माझ्याकडं बघत नव्हता. मीही काही बोलले नाही. त्याला नोकरी होती.

शिक्का मारलेलं पुस्तक प्रकाशक परत घेत नाही. का घ्यावं? उधारी मुदतीत फेडली, भिशी उचलून. मग मे महिन्यात दारात टेबल टाकलं आणि ती पुस्तकं निम्म्या किमतीला लावली. लोक आले, उघडलं, शिक्का बघितला आणि विचारलं, “चोरीची हैत काय?” एक गृहस्थ शिक्क्याचा फोटो काढून म्हणाले, कॉलेजला कळवतो. कळवा म्हटलं. 50 टक्के सवलत द्यायला मी तयार होते आणि गिऱ्हाईक माझ्याकडं चोरासारखं बघत होतं. त्या पावसाळ्यात बोर्ड उतरवला.

आता माझ्यातली ती जुनी बाई विचारते: एकानं पाकीट मागितलं म्हणून तू दुकानात येणाऱ्या पॉलिटेक्निकच्या पोराचे 20 टक्के कापलेस? त्याचा काय संबंध? मी तिला 210 आणि 90 चा हिशेब सांगते. ती म्हणते, हिशेब तर पहिल्या दिवसापासून तोच होता. मग मी म्हणते की त्या दिवसापासून तो प्रश्न कानावर आला की मला चहाचा कप दिसतो. ती म्हणते, तो तुझा प्रश्न, पोराचा नव्हे. यापुढं माझ्याकडं उत्तर नसतं. तरी बोर्ड परत लावलेला नाही.

त्या गठ्ठ्यांतली थोडी पुस्तकं अजून मागच्या रॅकवर आहेत. ग्रंथालयांच्या ऑर्डरी मी आता घेत नाही. चांगली ग्रंथालयं आहेत, पैसे वेळेवर, बिलाप्रमाणे देणारी, त्यांच्यावर हा अन्याय आहे हे मला कळतं. तरी घेत नाही.

आणि खरं सांगायचं तर टक्के मी आजही देते. ओळखपत्र दाखवलं तर विद्यार्थ्याला दहा. मग एक निवृत्त गुरुजी म्हणाले, आम्ही काय पाप केलं? त्यांना दिले. धुणीभांडी करणारी एक बाई लेकीसाठी शब्दकोश न्यायला आली, तिला खरेदीच्या भावात दिला. सेवा म्हणणाऱ्यांना एक पैसाही सोडत नाही. दुकानातला मुलगा वैतागलाय. मी बँकेत किंवा जेवायला गेले की गिऱ्हाईक येतं, टक्के विचारतं, आणि त्याला काय सांगायचं ते कळत नाही. एकदा कागदावर लिहून द्या म्हणतो, कुणाला किती. मी दोनदा लिहायला बसले. शेवटी म्हटलं, मला फोन करत जा.