गेटअवेमागे बोट: जुन्या पिकअपची टोइंगसाठी तयारी

गाडी २०१२ची महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, फोर बाय फोर, २.२ लिटर एमहॉक डिझेल इंजिन. मागे लावायची होती १७ फुटी फायबरची बोट, ट्रेलरसकट. फेऱ्या ऐरोलीहून दिवाळे कोळीवाड्यापर्यंत, कधी उरणला करंजापर्यंत. गॅरेजमध्ये विषय निघाला की पहिली चर्चा इंजिनाच्या ताकदीची होते. २९० न्यूटन-मीटर टॉर्क टनभर ट्रेलरला पुरून उरतो, तेव्हा ती चर्चा मी बाजूलाच ठेवली. चिप बसवण्याचा सल्लाही फुकट मिळतो. लांब चढावर एक्झॉस्टचं तापमान आधीच वर गेलेलं असताना जास्त डिझेल ओतायला लावणारी चिप टर्बोच्या मुळावर येते, म्हणून तीही नाही.

सुरुवात वजनकाट्यावर केली. तुर्भे-कळंबोली भागात ट्रकचे काटे जागोजागी आहेत. तीन पावत्या घ्यायच्या: माणसं आणि पूर्ण टाकीसह अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून, आणि शेवटी बोट चढवलेला ट्रेलर एकटा. माझा ट्रेलर १०६० किलो भरला. त्यात बोट सामानासह ७५० आणि बाकी ट्रेलरचा सांगाडा, चाकं, विंच (बोट ओढून चढवायची चरखी). बोट विकणारा सांगतो तो आकडा रिकाम्या हलचा, म्हणजे बोटीच्या नुसत्या कवचाचा असतो. मोटर, बॅटरी, नांगर, साखळी, पेट्रोल यांचं वजन त्यात धरलेलं नसतं.

ट्रकचा काटा नाकाचं वजन मोजायला उपयोगाचा नाही, त्याचे टप्पेच ५-१० किलोंचे असतात. नाक म्हणजे ट्रेलरचा जो भाग गाडीच्या हुकावर बसतो, तो. घरातला १५० किलोंचा वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा आणि कपलर (नाकाच्या टोकाची, हुकाच्या गोळ्यावर बसणारी वाटी) त्यावर टेकवायचा. ठोकळ्याची उंची अशी घ्या की कपलर हुकाच्या उंचीवर येईल. ट्रेलर तिरका असेल तर आकडा चुकतो. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के नाकावर हवेत. माझ्याकडे निघाले ४५ किलो, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. मोटर बोटीच्या पार मागच्या टोकाला लटकलेली असल्यामुळे असं हमखास होतं. नाक हलकं असलं की साठच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. अशा वेळी चालकाने घाबरून गाडीचा ब्रेक दाबला की डोलणं आणखी वाढतं.

उपाय साधा निघाला. कपलरपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत ३.९ मीटर. नांगर, साखळी, बॅटरी आणि पेट्रोलचे कॅन मिळून ६० किलो सामान २.६ मीटर पुढे सरकवलं की नाकावर ६० × २.६ ÷ ३.९, म्हणजे ४० किलो वाढतात. झाले ८५, आठ टक्के. हेच काम बोट सरकवून करायचं तर ती सुमारे २१ सेंटिमीटर पुढे न्यावी लागली असती, आणि मग ट्रेलरचे मागचे रोलर ट्रान्सम (बोटीची मागची उभी भिंत) सोडून भलत्याच जागी आले असते. मोटरचा भार ट्रान्समवर असतो, तिथे खाली आधार नसला तर हल वाकतो.

हे ८५ किलो गाडीवर ८५ म्हणून येत नाहीत. हुक मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) तीन मीटरच्या आसपास, त्यामुळे मागच्या ॲक्सलवर १२० किलो पडतात आणि पुढचा ३५ किलोंनी हलका होतो. मागे हौद्यात सामान भरलेलं असेल तर हे १२० त्याच्यावर. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी बेरीज ताडून पाहा, पाटे (मागची लीफ स्प्रिंग) वाढवल्याने तो आकडा वाढत नाही.

पाट्यांचं काम कळंबोलीला ट्रकचे पाटे करणाऱ्यांकडे केलं. जुने पाटे सपाट झाले होते. बहुतेक जण गॅस-कटरने लाल करून कमान चढवून देतात. ते करू नका. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी (टेंपर) त्या उष्णतेने उतरतं आणि दोन-चार महिन्यांत पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. मी मुख्य पाटा नवा घेतला, खाली एक जादा पाटा टाकला, बुश सगळे बदलले. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही नवे. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तेवढी पकड देत नाही. ५०० किलोमीटरनंतर वजन असतानाच यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने कसायचे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की जागा सुटते.

मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. गाडी मागून किती दबली यावर हा व्हॉल्व्ह मागच्या ड्रमना किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून मागची बाजू उंच झाली की व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, आणि नेमका ट्रेलर मागे असताना पुढे पॅड जळल्याचा वास येतो. पाटेवाला दांडीकडे बघत नाही आणि ब्रेकवाल्याला पाटे बदलल्याचं माहीत नसतं. म्हणून क्रम असा: आधी पाटे, मग मॅन्युअलप्रमाणे दांडीची नवी सेटिंग, त्यानंतर ड्रमचं ॲडजस्टमेंट आणि शेवटी ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं). ब्रेकचं तेल डॉट ४. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत की नकोत यावर इथे वाद घालणारे बरेच. युरोपात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत आणि माझा १०६० आहे, माझ्यासाठी विषय संपला. ओव्हररन ब्रेक घेतला: गाडी मंदावली की ट्रेलर कपलरवर दाबतो, आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ड्रम लागतात. रिव्हर्स घेतानाही तोच दाब येतो, म्हणून मागे जाताना आपोआप सुटणारे ऑटो-रिव्हर्स ड्रम नसतील तर लॉकचा खटका लागतो. तो पुढे निघताना काढायचा राहिला तर ब्रेक असून नसल्यासारखे.

हुकासाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून १२ मिमी प्लेट घेतली आणि रबाळे एमआयडीसीत लेझरने कापून घेतली. चासीला वेल्डिंग अजिबात नाही. वेल्डच्या कडेला तडे जातात आणि चासीवर तडा गेला की तो थांबत नाही. भोकं चासीच्या उभ्या भिंतीत पाडायची. वरच्या-खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण असतो, तिथे ड्रिल लावायचा नाही. चासी जिथे बंद डब्यासारखी आहे तिथे बोल्टभोवती आतून स्पेसर नळी टाकावी लागते, नाहीतर कसताना डबा चेपतो आणि बोल्ट पुन्हा ढिला. बोल्ट एम१२, १०.९ ग्रेड, सुमारे ११५ न्यूटन-मीटर. प्लेट लावण्याआधी पाट्यांच्या हँगरभोवतीची चासी हातोडीने ठोकून पाहिली: खणखणीत आवाज म्हणजे लोखंड शाबूत, भदभद वाजलं की आतून गंज. खाडीकाठच्या गाड्यांत ही जागा आधी जाते. गंजावर काळं डांबरी कोटिंग मारून देणारे भेटतील. ते ओल आतच कोंडून ठेवतं.

गोळा ५० मिमीचा. बाजारात दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमीचा गोळाही मिळतो आणि दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतो. ५० मिमीचा कपलर दोन इंची गोळ्यावर पूर्ण बसत नाही, खटका अर्धवट लागतो. उलट जोडीत खडखड होते. गोळ्यावर कोरलेला आकडा वाचूनच घ्यायचा. सुरक्षा-साखळ्या दोन, कपलरखालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. फॉर्म २२ (वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला) देणाऱ्या उत्पादकाकडूनच ट्रेलर घ्या, नाक्यावरच्या फॅब्रिकेटरने बनवलेला आरटीओत अडकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरचे तपशील बदलतील असं काही करायचं नाही. गोळा काढता येईल असाच बसवा आणि ट्रेलर नसताना काढून ठेवा. पार्किंगमध्ये लोकांच्या नडग्या वाचतात.

थंडाव्यासाठी नवा भाग जवळपास लागला नाही, जुनं साफ केलं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत चिखल आणि किडे घट्ट बसलेले असतात. दोन्ही वेगळे केल्याशिवाय ते निघत नाहीत, समोरून प्रेशरचं पाणी मारलं तर आणखी आत जातात. फॅनच्या व्हिस्कस क्लचमधून सिलिकॉन तेल झिरपल्याचा काळा डाग दिसला तर क्लच बदला. कूलंट ५०:५०, रेडिएटरची टोपी नवी. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल, पण त्याने इंजिन नीट तापतच नाही आणि डिझेल वाढतं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल आणि मागच्या ॲक्सलमध्ये जीएल-५. दोन्हीकडे एकच ओतलं तर जीएल-५ मधलं गंधक गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा खातं.

वायरिंगला सात पिनचं सॉकेट. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी अर्थ (अर्थिंग), लाल ब्रेक, काळी डावा टेल, तपकिरी उजवा टेल, निळी फॉग. गाडीच्या दिव्यांच्या वायरी सोलून थेट जोडू नका. भार गाडीच्या सर्किटवर येतो आणि ट्रेलरमधलं शॉर्ट गाडीतले दिवेही घेऊन जातं. फ्यूज असलेला रिले-बॉक्स लावा. अर्थ २.५ चौरस मिमी, बाकी दीड. दिवे एकाच वेळी विचित्र लुकलुकले, म्हणजे ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद झाला, तर दहातल्या नऊ वेळा अर्थच गेलेला असतो.

बोट पाण्यात सोडायच्या उतरणीवर भरतीचं वेळापत्रक पाहूनच जायचं, ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो आणि शेवाळावर मागची चाकं नुसती फिरतात. इथे फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा खालचा गिअर) कामी येतं: गिअर जवळजवळ अडीच पट खाली जातो आणि क्लच घासत राहावा लागत नाही. कोरड्या डांबरावर वळताना मात्र फोर-व्हील काढा, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसल्याने सगळा ताण शाफ्टवर येतो. मागचा ॲक्सल प्रवासाने तापलेला असतो. तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या छिद्रातून) किंवा सीलमधून खारं पाणी ओढते, तेल दुधाळ होतं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती हौद्याच्या वरपर्यंत नेली. ट्रेलरच्या हबचंही (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाचंही) तेच, म्हणून पोहोचल्यावर लगेच बुडवायचं नाही, हात लावता येईपर्यंत थांबायचं. दिव्यांची पिन आधी काढायची, गरम बल्ब पाण्यात तडकतात.

भरल्या ट्रेलरची चाचणी मुंब्रा बायपासवर आणि घोडबंदरच्या गायमुख घाटात घेतली. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक मधूनमधून, टेकवून ठेवायचा नाही. पहिल्या पंधरा किलोमीटरनंतर थांबून ट्रेलरचे दोन्ही हब हाताने तपासले. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर तिथला ब्रेक धरलाय किंवा बेअरिंग घट्ट आहे, पुढे जाऊ नये. परत आल्यावर हब, पाटे आणि ओव्हररनची केबल गोड्या पाण्याने धुवायची. केबल मिठाने आवळली की ब्रेक सुटत नाही, ड्रम तापतो आणि बेअरिंगमधलं ग्रीस वितळून रिमवर येतं.