फोन लागला नाही तर

बुधवार, रात्री साडेअकरा

सोमवारी सकाळी लेकीचा मेसेज आला. ‘आई, आज आम्ही सगळे मोर्चाला जातोय. माझा फोन लागला नाही तर हिला कर.’ खाली मैत्रिणीचा नंबर. बास, एवढंच. संध्याकाळी तिचाच फोन आला, घसा पार बसलेला. काही झालं नाही म्हणाली. पोलिसांनी नावं लिहून घेतली आणि सोडलं. जेवलीस का विचारलं, तर हो म्हणाली.

झालं ना मग? तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. ह्यांना मेसेज दाखवलेला नाही.

ती गेली याचं मला काही नाही. ज्या मुलीसाठी मोर्चा होता, तिच्या बाबतीत हॉस्टेलमध्ये जे झालं, ते ऐकून माझंच रक्त उकळलं होतं. मला खुपतंय ते दुसरंच. आपला फोन लागणार नाही अशी वेळ येऊ शकते, हे तिने आधी डोक्यात आणलं, घाबरत घाबरत नव्हे, शांतपणे. मग आईला कोणाचा नंबर द्यायचा ते ठरवलं, टाईप केलं, पाठवलं आणि निघाली. ही तयारी तिने कधी केली? मी इथे तिच्यासाठी चकल्या पाठवायच्या की शेव, या विचारात होते तेव्हा?

तेव्हापासून डायान नॅश मनातून जात नाही, अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेली कॉलेजातली मुलगी. १९६१चा मे महिना. आंतरराज्य बसच्या स्थानकांवर काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आदल्याच वर्षी दिला होता. दक्षिणेत तो कोणी मानत नव्हतं. म्हणून ४ मेला वॉशिंग्टनहून तेरा जण दोन बसमध्ये बसून निघाले, काळे आणि गोरे शेजारी शेजारी. फ्रीडम रायडर्स म्हणत त्यांना. १४ मेला अलाबामात अ‍ॅनिस्टनजवळ जमावाने त्यातली एक बस गाठली, टायर फाडले आणि आत पेटता बोळा टाकला. माणसं धुरातून कशीबशी बाहेर पडली, तर बाहेर मारायला लोक उभे. तिकडे तो दिवस मातृदिनाचा होता. हे मी पूर्वीही वाचलेलं होतं, पण तेव्हा ती नुसती तारीख होती.

पहिल्यांना पुढे जाणं अशक्य झालं, तेव्हा टेनेसी राज्यातल्या नॅशविलच्या कॉलेजातली पोरं म्हणाली, आता आम्ही जातो. सगळी व्यवस्था डायानकडे. त्याच आठवड्यात तिला तेवीस पूर्ण झाली होती. केनेडी सरकारच्या माणसाने, जॉन सीगनथालरने, तिला फोन करून बजावलं की पोरं मरतील, थांबव. तिने सांगितलं, त्यांना ते माहीत आहे, काल रात्रीच सगळ्यांनी मृत्युपत्रांवर सह्या केल्या आहेत.

वीस-एकवीस वर्षांच्या मुलांचं मृत्युपत्र. त्यात असणार काय? ना घर, ना शेत, ना दागिना. पुस्तकं कोणाला, घड्याळ कोणाला, घरी कोणी कळवायचं. म्हणजे शेवटी तेच ना, फोन लागला नाही तर हिला कर.

आणि ही तयारी त्यांना शिकवली कोणी? तो माणूस आमच्या नागपूरला राहून गेलेला. जेम्स लॉसन. हिस्लॉप माझं कॉलेज. पण तिथे शिकत होते तेव्हा त्याचं नाव कोणी काढल्याचं आठवत नाही. मला तो कळला २०२४ साली, पंच्याण्णवाव्या वर्षी गेला तेव्हा. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तेरा महिने तुरुंगात काढले आणि मग १९५३ला हा मेथडिस्ट मिशनरी म्हणून हिस्लॉपमध्ये आला. वय पंचविशीच्या आतबाहेर. इथे राहून गांधीजींचा सत्याग्रह अभ्यासला. माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. १९५६ला परत गेला. आपल्या दीक्षाभूमीचं वर्षही तेच. त्याबद्दल मला खूप काही वाटतं, ते पुन्हा कधी.

नॅशविलला त्याने चर्चमध्ये कॉलेजच्या मुलांच्या कार्यशाळा घेतल्या. भाषणं कमी, सराव जास्त. अर्ध्या मुलांनी गुंड व्हायचं. खुर्चीवर बसलेल्या मैत्रिणीला घाणेरड्या शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. दुसऱ्या अर्ध्यांनी शिकायचं, की पडल्यावर अंगाचं मुटकुळं कसं करायचं, डोकं हातांनी कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत कसं राहायचं. आपल्यातल्या एकावर सगळे तुटून पडले, तर मध्ये अंग कसं घालायचं. एकदा झालं की पुन्हा. परत पहिल्यापासून. मैत्रिणीला शिवी देताना ज्याची जीभ अडखळत असेल, त्याचंही शिक्षणच चाललं होतं. १९६०च्या फेब्रुवारीत ही मुलं दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली आणि सरावात होत होतं ते सगळं खरोखर झालं.

मला हेच सोसत नाहीये. भरात उडी घेतली असती, तर मी समजू शकले असते, तरुण रक्त आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण मार कसा खायचा हे वहीपेन घेऊन शिकणं!

आणि त्यांच्या आया? त्यांच्याविषयी कोणी फार लिहीत नाही. नॅशविलच्या त्या पोरांतला जॉन लुईस तुरुंगात गेला तेव्हा त्याच्या आईने पत्र लिहून कळवलं होतं, त्या भानगडीतून बाहेर पड. अलाबामात कापूस वेचणारी बाई, मुलगा शिकून पाद्री होईल एवढीच तिची आस. जिम झ्वर्ग हा विस्कॉन्सिनचा गोरा मुलगा. निघण्याआधी त्याने घरी फोन केला, तर आई म्हणाली, तू वडिलांचा जीव घेशील, आणि फोन ठेवून दिला. त्यांना हृदयाचा त्रास होता. २० मेला माँटगोमेरीच्या स्थानकात बस थांबली, तेव्हा तो पुढे होता. त्याला इतकं मारलं की पुढचं त्याला आठवत नव्हतं. लुईसच्या डोक्यात बाटल्यांचा लाकडी क्रेट घातला.

या दोन्ही बायकांना मी वाईट म्हणू शकत नाही. वाढवायचं आपण. डेंगी झाला तेव्हा तिच्या प्लेटलेट्सचे आकडे रात्रभर बसून आपण मोजायचे. आणि एक दिवस मुलगी आपल्याला नुसतं कळवते. विचारत नाही. ‘जाऊ का?’ असं नाही. ‘जातोय.’ आईला विचारायचा भाग कधी संपला, हेसुद्धा आपल्याला कोणी सांगत नाही. काल दुपारी याच विचाराने भरून आलं, स्वयंपाकघरात एकटीच रडले.

आज मात्र एक दुसरीच बाई आठवली. माँटगोमेरीच्या आधीची गोष्ट. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या पोलीस कमिशनरने, त्या बुल कॉनरने, या पोरांना रात्री गाडीत घालून टेनेसीच्या हद्दीवर आर्डमोरजवळ रेल्वेरुळांपाशी उतरवून दिलं. अंधार, परका मुलूख, मागावर कोण असेल सांगता येत नाही. लुईस आणि बाकीचे चालत चालत एका काळ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दाराशी पोचले. आम्ही फ्रीडम रायडर्स आहोत, आत घ्या, म्हणाले. म्हाताऱ्याने नकार दिला. घर जाळलं असतं लोकांनी, त्याचं काय चुकलं? तेवढ्यात आतून बायको म्हणाली, अहो, घ्या त्यांना आत. दार उघडलं. डायानने गाडी पाठवली आणि पोरं घरी न जाता परत बर्मिंगहॅमलाच गेली.

ही बाई त्यांची आई नव्हती. तिने कुठल्या चर्चमध्ये सराव केला नव्हता. भीती तिलाही वाटलीच असणार, दाराशी नवऱ्याइतकीच. आणि तरी घ्या म्हणाली. ह्यावर मी आज दुपारभर विचार करतेय. मला आपली भीती जाईपर्यंत थांबायचं होतं, मग लेकीशी नीट बोलायचं होतं. भीती जाणार नाही, हे आता कळलं. ती राहू दे. त्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात जॅक्सनला तीनशेच्या वर लोक पकडले गेले, कित्येकांना पार्चमनच्या तुरुंगात टाकलं, गाणी म्हणतात म्हणून गाद्या काढून घेतल्या. तेवढ्या सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी माझ्यासारखं जागं असणार. १ नोव्हेंबरपासून स्थानकांवरच्या वेगळ्या बाकड्यांच्या पाट्या उतरवायचा हुकूम निघाला, तोवर तरी.

पुढच्या वर्षी डायान स्वतः गरोदर होती. मिसिसिपीत लहान मुलांना अहिंसेचे धडे दिले म्हणून तिला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. अपील सोडून ती कोर्टात हजर झाली. मिसिसिपीत जन्मणारं काळं मूल असंही तुरुंगातच जन्मतं, असं तिचं म्हणणं. शेवटी दहा दिवस आत ठेवून सोडलं. म्हणजे आई झाली म्हणून तिचा हिशोब बदलला नाही. माझा बदलला होता, हे मला मान्य केलं पाहिजे. लेकीच्या जन्माआधी मीही काही अगदी गप्प बसणारी नव्हते.

रविवारी ताईकडे जेवायला जायचंय. भाऊजी विचारतीलच, पोरीला शिकायला पाठवलंय की मोर्चे काढायला. शिकायलाच पाठवलंय. लॉसनकडेही मुलं शिकायलाच जात होती, हे त्यांना सांगणार आहे, हिस्लॉपसकट. त्यांचा आवाज चढला, तरी सांगणार आहे. पण त्याआधी ह्यांना मेसेज दाखवायला हवा. उद्या सकाळी चहाच्या वेळी दाखवते.