लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत एक कृष्णधवल रोल: माझा अनुभव

मामांकडून माझ्याकडे आलेला पेंटॅक्स के-१००० हा संपूर्णपणे यांत्रिक कॅमेरा आहे. १९७६ साली बाजारात आलेल्या आणि १९९७ पर्यंत बनत राहिलेल्या या मॉडेलला सेल लागतो तो केवळ प्रकाश मोजणाऱ्या काट्यासाठी, म्हणजे मीटरसाठी. शटर (फिल्मवर ठरावीक वेळच प्रकाश पडू देणारा पडदा) स्प्रिंगच्या बळावर चालत असल्यामुळे सेल संपला तरी एका सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंतचे सगळे वेग वापरता येतात. एलआर ४४ हा बटणसेल साताऱ्यात घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो. मीटर बंद करण्याचे बटण मात्र या कॅमेऱ्याला नाही, म्हणून काम झाले की लेन्सला टोपी लावावी लागते, नाहीतर सेल उतरत राहतो. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम इतक्या वर्षांत चिकट काळा लगदा होऊन गेला होता. तो काडीने खरवडून काढला, स्पिरिटने खाच पुसली आणि तिथे काळ्या लोकरीचा धागा बसवला. प्रकाश आत शिरू नये यासाठी तो पुरेसा ठरतो.

इलफर्डचा एचपी-५ प्लस हा ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), ३६ फोटोंचा रोल कुरियरने मागवला. कृष्णधवल रोलबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते, ती म्हणजे तो कुठे संपवायचा. डिजिटलप्रमाणे प्रत्येक फोटोला वेगळी वागणूक देता येत नाही. सगळे ३६ फोटो एकाच टाकीत, एकाच वेळी, एकाच मापाने धुतले, म्हणजे डेव्हलप केले, जातात. निम्मा रोल कासच्या उन्हात आणि निम्मा घराच्या पडवीत काढला, तर डेव्हलपिंगची वेळ कोणत्याही अर्ध्याला नीट लागू पडत नाही. म्हणून संपूर्ण रोल एकाच जागी आणि शक्यतो एकाच प्रकाशात वापरायचा, असे मी ठरवले आणि त्यासाठी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर निवडली.

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने जाताना महामार्गापासून आत असलेली ही अष्टकोनी विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. काळ्या पाषाणाचे घडीव बांधकाम, खाली उतरत जाणारा जिना, मध्ये महालासारखे दालन आणि वर मोटा चालवण्याच्या जागा, असा तिचा पसारा आहे. छायाचित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने तिची अडचण एकच: वरच्या कडेवर लख्ख ऊन आणि कमानीखाली जवळजवळ अंधार, आणि दोन्ही एकाच चौकटीत.

ट्रायपॉड मांडत असताना वरून डोकावणारे एक आजोबा म्हणाले, “ताई, ऊन पाण्याला लागायला बारा वाजत्यात, तवर थांबा की.” त्यांचा सल्ला प्रेमाचा होता, पण मला नेमके उलटे हवे होते. ऊन थेट आत उतरले की भिंतीवर कडक सावल्या पडतात आणि फरक आणखी वाढतो, त्यामुळे त्यापूर्वीच रोल संपवणे माझ्या सोयीचे होते.

या कॅमेऱ्याचा मीटर भिंत काळी आहे की करडी हे ओळखत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडे आहे असे गृहीत धरूनच काटा मध्यावर येतो, आणि म्हणून काळ्या दगडावर जसेच्या तसे माप घेतले तर दगड राखेसारखा फिकट उतरतो. मी कमानीच्या आतल्या भिंतीजवळ जाऊन, सगळी चौकट दगडाने भरेल इतक्या अंतरावरून माप घेतले: एफ-८ ला पंधरांश सेकंद (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा, तसे छिद्र लहान). वरच्या उन्हातल्या कडेचे माप एफ-१६ ला पाचशेअंश सेकंद आले. दोहोंत सात स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. मग कमानीतल्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यायचे ठरवले, म्हणजे एफ-८ ला साठांश सेकंद, जेणेकरून भिंत काळीच राहील, पण तिच्यावरचे छिन्नीचे घाव निगेटिव्हवर उमटतील. वरची कडा यामुळे फार जळणार, म्हणजे पांढरीफटक होणार, हे उघड होते. तिचा हिशेब डेव्हलपिंगच्या वेळी करायचा होता. सावली बघून एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) द्यावे आणि उजेड बघून रोल धुवावा, हा जुन्या छायाचित्रकारांचा नियम इथे अक्षरशः कामी आला.

दालनाच्या आत वेग आणखी खाली न्यावा लागला. या मॉडेलला सेल्फ टायमर नाही आणि आरसा आधी वर उचलून ठेवण्याची सोयही नाही, त्यामुळे शटर दाबताना आरशाचा धक्का बसतोच. जड ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबण्याची तार) यांना मला तरी पर्याय दिसला नाही. प्रत्येक फोटोचे माप वहीत लिहून ठेवले. रोल पुढे सरकतो आहे ना, हे डावीकडची रिवाइंडची चकती लिव्हरसोबत फिरते का यावरून कळते; ती फिरत नसेल तर फिल्म आतल्या आत सुटलेली असते आणि सगळी मेहनत वाया जाते.

रोल घरीच धुतला. साताऱ्याच्या उन्हाळ्यात चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून फिल्म हाताळण्याच्या प्रकाशबंद पिशवीत) हाताला घाम येतो आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळावर अडकते, म्हणून रात्री, बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबून, पूर्ण अंधारात ती रिळावर चढवली. खरा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी तेव्हा कोमट असते. माठातले पाणी २४ अंशांवर मिळाले, आणि सगळी रसायने मी त्याच तापमानाला आणली; वीस अंशांचा हट्ट धरून बर्फ घालत बसण्यापेक्षा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच तापमान टिकवणे अधिक महत्त्वाचे, असे माझे मत आहे. डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) एकास एक पाणी घालून वापरला तर या फिल्मला २० अंशांवर ११ मिनिटे लागतात. २४ अंशांवर ती वेळ पावणेआठ मिनिटांच्या आसपास येते. उन्हाची कडा जळू नये म्हणून त्यातून साधारण पाचवा हिस्सा कमी केला आणि टाकी दर मिनिटाला अगदी हळू उलटीसुलटी केली.

फिक्सर (उमटलेले चित्र पक्के करणारे रसायन) ताजा आहे की नाही हे पाहण्यासाठी रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा आधी त्यात बुडवला. दुधट फिल्म हळूहळू पारदर्शक होत गेली. तिला लागला त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये ठेवला. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे आणि ते फिल्मवर पांढरे डाग सोडते, म्हणून शेवटचे धुणे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने केले आणि त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर थेंब न राहता पाणी निथळावे यासाठीच्या द्रवाचे) एक-दोन थेंब टाकले.

निगेटिव्हवर अंधाराच्या जागा पातळ आणि उजेडाच्या दाट उमटतात. वाळलेली निगेटिव्ह खिडकीसमोर धरली तेव्हा कमानीच्या जागी पातळ, पण स्वच्छ तपशील होता: दगडांचे सांधे आणि छिन्नीच्या तिरक्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट. वरची कडा दाट झाली होती, तरी तिथल्या दगडांचे थर वेगळे ओळखू येत होते. प्रिंट करताना एका चौकटीत त्या कडेला, उरलेल्या भागापेक्षा जवळपास दुप्पट प्रकाश द्यावा लागला, तेव्हा ती भरली. आकाश मात्र पांढरेच राहिले आणि ते तसेच ठेवण्याचे मी ठरवले. विहिरीच्या तळातून वर पाहणाऱ्या डोळ्यालाही ते तसेच दिसते. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून पाकिटात घातल्या आणि प्रत्येक पट्टीवर वहीतली मापे उतरवली.