रेवस ते रेडी: खाड्यांनी तोडलेला सागरी महामार्ग

प्रमुख राज्य मार्ग क्रमांक ४ म्हटलं तर कोकणातही कुणी ओळखणार नाही. सागरी महामार्ग म्हटलं की लगेच कळतं. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत नकाशावर ही सुमारे ५०० किलोमीटरची सलग रेघ दिसते. प्रत्यक्षात रस्ता आगरदांड्याला पाण्याशी संपतो आणि पलीकडे दिघीला पुन्हा सुरू होतो. बागमांडल्याला तेच, दाभोळला तेच, तवसाळला तेच. म्हणून या रस्त्याचा हिशोब किलोमीटरवर नाही, खाड्यांवर करावा लागतो.

कोकणातले जुने रस्ते आडवे. घाटमाथ्यावरचा माल बंदरात उतरवायचा एवढंच त्यांचं काम: कुंभार्लीतून चिपळूण, अणुस्कुऱ्यातून राजापूर, आंबोलीतून वेंगुर्ला. उत्तर-दक्षिण जायचं तर समुद्र होताच. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरायची आणि आपापल्या बंदरात उतरायचं. त्या प्रवासाची किंमतही कोकणाने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. या महामार्गाचा पहिला दगड जिथे आहे, त्याच रेवसच्या वाटेवर.

मुंबई-गोवा महामार्ग झाला तोही किनाऱ्यापासून आत, महाड, खेड, चिपळूणवरून. कारण सरळ आहे: तिथे खाडीची नदी होते, पात्र अरुंद होतं, पूल लहान लागतो. त्यामुळे किनाऱ्यावरची गावं फाट्यावरून आत जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला अडकली. शेजारच्या गावात जायला आधी महामार्गावर यायचं, मग पुन्हा खाली उतरायचं. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना (१९८०-८२) सागरी मार्गाला जोर मिळाला तो याच अडचणीपायी. रस्ते त्यामानाने लवकर झाले, मोठ्या खाड्यांवरचे पूल मागे राहिले. बागमांडल्याच्या बाणकोट खाडीत तर पुलाचे खांब उभे राहून काम वर्षानुवर्षं रखडलं. हे मनाला लागतं, कारण एकेका पुलाने काय होतं ते आरे-वारेला दिसलंच आहे: गणपतीपुळे-रत्नागिरी अंतर महामार्गावरच्या निवळीच्या वळशाच्या निम्म्यावर आलं.

मोठ्या खाड्या गाडीसकट ओलांडायला जंगलजेटी, म्हणजे वाहनं नेणारी फेरीबोट आहे: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळहून गुहागर गाठायला खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर पडतात. बोटीत दहा-पंधरा मिनिटं.

मात्र भरती-ओहोटी बघून निघावं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी फार खाली जातं. मग बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन पडतो आणि खालून बुटकी असलेली गाडी नेमकी तिथे घासते. धक्क्याचा जो भाग भरतीत पाण्याखाली असतो त्यावर शेवाळ धरतं. दुचाकीने तिथे पुढचा ब्रेक दाबू नये, पहिल्या गिअरमध्ये, पाय टेकत उतरावं. मागे बसलेल्याने आधीच उतरून चालत जावं.

पावसाळ्यात वाऱ्यामुळे फेरी बंद राहू शकते, तेव्हा वळसे ठाऊक हवेत. बाणकोट खाडीला म्हसळा-आंबेत-म्हाप्रळ-मंडणगड. जयगड खाडीला आबलोलीवरून भातगावचा पूल आणि पुढे जाकादेवी. वेळासहून केळशी नकाशावर जवळ दिसते, तरी मांदिवलीला जाऊन भारजा नदी ओलांडावी लागते. आंबेतच्या पुलाची चौकशी निघण्याआधीच करावी. तो याआधी दुरुस्तीसाठी बंद राहिला होता.

रस्ता खराब होतो तो बहुतेक सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून, खाडीकडे उतरताना. वर जांभा कातळ, त्यात पाणी सहज मुरतं. खाली पांढुरकी चिकणमाती, तिथे ते अडतं. रस्त्याखालची मोरी पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी रस्त्याखालून वाट काढतं. आधी साइडपट्टी खचते, मग डांबराला कडेशी समांतर लांब चीर पडते. अशी चीर दिसली की त्या बाजूला गाडी घालू नये, अवजड तर नाहीच. डांबर वरून धड दिसतं, खालची माती गेलेली असते.

रत्नागिरीच्या पुढे मात्र खाड्यांवर पूल आहेत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्या ओलांडत गाडी न थांबता जाते. देवगडहून कुणकेश्वरला जाताना तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाचाच रस्ता घ्यावा. मालवणच्या पुढे कर्ली नदी आडवी येते, ती नेरूरपारच्या पुलावरून ओलांडायची; मग परुळे, वेंगुर्ला, शिरोडा करत रेडी.