बुचाची मूठ

गळाच्या रॉडचं वय विचारू नये, मूठ पाहावी. बुचाची मूठ काही लपवत नाही. अंगठ्याखाली खोलगा, मधे मधे भोकं, आणि सगळ्यावर घाम, माशांची बुळबुळ आणि आमिषाचं पीठ यांचा मिळून बसलेला काळा थर. अशा मुठी दुरुस्त करण्याचा मला नाद आहे. पुण्यात तो पुरवायला जुना बाजार आहे. बुधवारी किंवा रविवारी गेलं की सायकलचे पंप आणि पितळी नळ यांच्यामधून एखादा रॉड डोकावतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक मुठी दुरुस्त करतानाच बिघडतात.

काळेपणा म्हणजे मुळात मळ. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, घासणीची मऊ बाजू आणि थोडा धीर, एवढ्यावर पुष्कळ मुठींचं भागतं. पण नुसत्या साबणाने झालेलं काम आपल्याला काम वाटत नाही. लगेच 80 नंबरचा, म्हणजे चांगलाच भरड, पॉलिश पेपर निघतो, आणि बूच खोबरं किसल्यासारखं खाली पडू लागतं. बूच म्हणजे लाकूड नव्हे, साल. पोर्तुगालमध्ये त्याची ओक जातीची झाडं आहेत. झाड 25 वर्षांच्या आसपास आलं की पहिल्यांदा सोलतात, मग दर 9 वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचालाही चालत नाही. म्हणजे सालीला खरा दर्जा येईतो झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. हे कळल्यापासून माझा हात जरा हलका पडतो.

या सालीच्या साधारण अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकीला एक चिकटवून लेथवर उतरवल्या की मूठ तयार होते. सालीत झाडाच्या श्वासाच्या वाटा असतात, तीच ही भोकं. महागड्या चकतीत कमी, स्वस्तात फार. स्वस्त मुठीतली भोकं कारखान्यातच भरून वरून गुळगुळीत केलेली असतात. ऊन-पाणी खाऊन ही भरती गळते, आणि मालक म्हणतो, बूच सडलं! बूच असं सहजी सडत नाही. सालीतलं सुबेरिन नावाचं मेणचट द्रव्य पाण्याला आत शिरू देत नाही, आणि पेशीपेशीत हवा कोंडलेली असते. म्हणून तर डिसेंबरच्या पहाटे पवनेच्या काठावर गळाची दोरी गुंडाळायचं धातूचं रीळ हाताला चटका देतं, मूठ देत नाही.

भोक भरायला बुचाची भुकटी लागते. ती मी वाइनच्या बाटलीचं बूच कागदावर घासून घरीच करतो. आता सदाशिव पेठेत राहून वाइनची बुचं जमवणं सोपं नाही. नाशिकच्या वाइनऱ्यांकडे फिरकणाऱ्या एका मित्राला सांगून ठेवलंय, पण त्याच्याही पुष्कळ बाटल्यांना हल्ली फिरकीचं झाकण असतं. जी येतात ती खिडकीतल्या बरणीत जातात. समोरच्या काकू आधी बरणीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, "तब्येत बरी आहे ना रे?"

भुकटीत वॉटरप्रूफ फेव्हिकॉल घालायचा, पण ती जेमतेम भिजेल एवढाच. गोंद जास्त झाला की वाळल्यावर तिथे काळपट ठिपका दिसतो, आणि तो पुसता येत नाही. वाळताना भरती खाली बसते, म्हणून थोडी उंच ठेवायची. रात्रभर हात लावायचा नाही, आषाढात तर दोन रात्री. मग आजूबाजूला मास्किंग टेप मारून 220 नंबरचा कागद, त्यामागून 400. तोही भरलेल्या जागेपुरताच.

खालच्या मजल्यावरच्या अण्णांशी माझं इथेच वाजतं. त्यांना आपल्या रॉडची मूठ नव्यासारखी सरळ हवी. मी अंगठ्याचा खोलगा तसाच ठेवला. तो घालवायचा तर मूठ सगळीकडून तेवढीच उतरवावी लागते, आणि पातळ मूठ आवळून धरावी लागल्याने हात भरून येतो. "अर्धंच काम केलंस," अण्णा म्हणाले. "नवी चकती बसव. पोर्तुगाल कशाला पाहिजे, युनिव्हर्सिटीत ढीगभर बुचाची झाडं आहेत."

आहेत खरी, पावसाळा सरताना पांढऱ्या फुलांचा सडा घालणारी. त्यांची सालही मऊ असते, पूर्वी हलक्या बुचासाठी वापरतही असत. पण ते जॅकरांडाच्या कुळातलं झाड, ओकशी त्याचं नातं नाही. अण्णांना हे पटलेलं नाही.

आता वरून चकचकीत वॉर्निश मारायचा त्यांचा हट्ट आहे. वॉर्निशचा कडक पापुद्रा दबणाऱ्या बुचावर तडकतो, आणि ओल्या हातात मूठ निसटते ती वेगळीच. वॉर्निशचं नाव काढलंत तर रॉड मिळणार नाही, असं मी सांगितलंय. "ठेव तुझ्याकडेच," अण्णा म्हणतात, "रीळ माझ्या कपाटात आहे."